लहान जोडीचा खरेपणा

मैत्रेयीच्या खोलीत स्पीकर चार होते: तीन दिवसांच्या बोलीवर पारखायला आणलेल्या दोन जोड्या, एक मोठी, एक लहान. शिवाय मोजणीचा माईक एक, स्टुलं चार, खिडकी एक. फिजिक्स शिकलेल्या मुलीनं नुसत्या कानावर विसंबू नये, म्हणून तिनं तिन्ही दिवस दोन्ही जोड्या मोजल्या. मोठी जोडी हलगी उगाच घुमवायची. लहान जोडी वाजली तशी ऐकवायची. मिक्सिंगला खोटं बोलणारा स्पीकर काय कामाचा? आज सकाळी दुकानाचा माणूस मोठी जोडी घेऊन भालकीच्या जीपमध्ये बसला.

दुपारी गायक गुंडेराव आले. त्यांचं गाणं संध्याकाळी खटकचिंचोळीच्या विहारात वाजायचं होतं. मिक्सिंग पसंत पडलं तर पुढची दहा गाणी मैत्रेयीकडे, नाहीतर उदगीरच्या स्टुडिओकडे.

तिनं गाणं लावलं. भिंतीवरचं कॅलेंडर थरथरलं.

"अगं, हे गाणं हाय का ट्रॅक्टर?" गुंडेराव उडालेच. "माझा आवाज कुठं गेला?"

मैत्रेयीनं माईक लावला. मोजलं, तर साठ हर्ट्झला, म्हणजे खर्जात, नऊ डेसिबल जास्त! दोन्ही स्पीकर, एकदम, सारखेच बिघडले? तिनं वायरी बदलल्या, स्टुलं सरकवली. फरक शून्य.

"आई, खोलीत कोण आलतं?"

"मीच की. सकाळी शेजारच्या महानंदाक्काला पेरायचं बी काढून दिलं," सुभद्राबाई म्हणाल्या.

"कशातून?"

"ह्याच्यातून." त्यांनी स्पीकरच्या पाठीतल्या भोकात बोट घातलं. "वालाची पुरचुंडी ह्यात व्हती, दोडक्याची त्यात. तुझ्या बापानं सिमेंटचं घर बांधलं, भिंतीत एक देवळी ठिवली न्हाई. बी काय डोक्यावर ठिवू?"

"कवापासून?"

"तू आणलीस त्या दिवसापासून. भोक कसं, अगदी मापात!"

"मग मोठ्यात कामून न्हाई ठिवलं?"

"त्याची भोकं तोंडाकडं. उंदराला आवतन द्यायचं व्हय?"

मैत्रेयीनं मोजमापाची वही मिटली. तीन दिवस मोजून मापून तिनं वाल आणि दोडका निवडला होता.

"कायतरी कर, बाळ," गुंडेराव म्हणाले. "माझी जीप पाचला हाय."

तिनं चिंध्या कोंबल्या, गाणं गुदमरलं. मूठभर हरभरा कोंबला, तो आतच सांडला. शेवटी सुभद्राबाईंनी पिठाच्या डब्यातून आणखी दोन पुरचुंड्या काढून भोकांत बसवल्या.

गाणं संपेस्तोवर गुंडेराव डोळे मिटून बसले होते. "आता मी मला ऐकू यायलोय. पुढची दहा बी हितंच. पण सुभद्राक्का, ह्यातलं बी कुणाला देऊ नका."

"आन् पेरायचं काय?"

मैत्रेयीनं वहीत लिहिलं: डाव्यात तूर, शंभर ग्रॅम. उजव्यात गवार, नव्वद ग्रॅम. साठ हर्ट्झला अर्धा डेसिबल जास्त.