शिशाच्या बाजूने आण्णा

शिवगोंडा आण्णा बंदुकीचं काडतूस कानाशी धरून हलवून बघायचे, आपण नारळ बघतो तसं. आत छर्रे हलल्याचा आवाज आला की ते दुकानदाराकडे रोखून बघायचे. आवाज आला नाही तर जास्तच रोखून बघायचे. दोन्ही वेळा निकाल एकच : "हितं कुठंतरी पाणी मुरतंय."

हे वाक्य दिवसातून दहा वेळा व्हायचं. दूधवाला वेळेवर आला, पाणी मुरतंय. समोरच्यानं आधी नमस्कार केला, पाणी मुरतंय. मी एकदा त्यांना आंबोळ्या नेऊन दिल्या, तर त्यांनी आधी ताटाखाली बघितलं.

ते आमच्या शेजारी एकटेच राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. गारगोटीच्या पुढं डोंगराकडेला शेत होतं, तिथं रानडुकरं फार, म्हणून पीक राखायला बाराबोरीच्या बंदुकीचा परवाना. डुकरावर त्यांनी कधी नेम धरला नाही. हवेत बार काढायचा, डुकरं पळायची, आणि आण्णा बांधावर उभे राहून म्हणायचे, "एका बारात कशी काय पळाली?"

मी उद्यमनगरातल्या एका कारखान्याचं स्टोअर सांभाळत होते. याद्या करणं हे माझं काम, आणि घरच्यांच्या मते माझा आजारही. आण्णांना माझा उपयोग त्यापुरता होता. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका चौकीत जमा कराव्या लागतात. आण्णा मला बरोबर न्यायचे आणि बंदुकीवरचा एकेक ओरखडा लिहून घ्यायला लावायचे. दस्त्यावर तीन, नळीच्या तोंडाशी एक पोचा, चापाजवळ रंग उडालेला. हवालदाराची सही झाल्याशिवाय बंदूक हातातून सुटायची नाही.

"आण्णा, बंदूक जमा करालाय का लेक नांदाय धाडालाय?" हवालदार म्हणाला.

"लेक बदलून येत न्हाय," आण्णा म्हणाले. "सही करा."

त्यांना एकच मुलगा, महांतेश. इंजिनिअर होऊन अमेरिकेला जायला निघाला, तेव्हा शेतावरून बापलेकांत कडाक्याचं भांडण झालं. आण्णा म्हणाले, "गेलास तर फोनसुद्धा करू नगोस." पोरगं बापावर गेलेलं. त्यानं चार वर्षं केला नाही.

मग एका रविवारी सकाळी आमच्याकडे फोन वाजला. आण्णांनी घरी फोन घेतला नव्हता, तारेतून कोण काय ऐकतंय याचा त्यांना भरवसा नव्हता. "काकू, आण्णा आहेत का?" महांतेशनं विचारलं. मी आण्णांना हाक मारली. ते आले, रिसीव्हर तपासला, कानाला लावला.

"बरं हाय?"

तिकडून काहीतरी.

"व्हय. बरं हाय. पाऊस हाय."

फोन संपला. पुढच्या महिन्यात पुन्हा तेवढंच, फक्त पाऊस नव्हता. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, हे असं दोन-तीन वेळा होईल आणि थांबेल.

तिसऱ्या फोनला मात्र आण्णांचा आवाज चढला.

"कसली कोंबडी? टर्की? ... शिसं सोडून? अरं खुळ्या, जग शिशानं मारतंय!"

महांतेश कंपनीतल्या दोस्तांबरोबर रानटी टर्कीच्या शिकारीला गेला होता. त्या लोकांच्या काडतुसांत शिशाचे छर्रे नव्हते, टंगस्टनचे होते. त्याचं म्हणणं असं : टर्कीची नजर भारी तिखट, चाळीस पावलांच्या आत ती येऊच देत नाही. नेम धरायचा डोक्यावर नि मानेवर, म्हणजे जागा एवढीशी. तिथं छर्रे बारीक आणि पुष्कळ पाहिजेत. पण शिशाचा बारीक छर्रा लांब गेला की दम तोडतो. टंगस्टन शिशापेक्षा कितीतरी जड, त्यामुळं बारीक असला तरी लांबवर तडाखा देतो. शिवाय कठीण, नळीतून जाताना चेपत नाही.

"टंगस्टन म्हंजे बल्बातली तार," आण्णा मला फोन ठेवल्यावर म्हणाले. "फुंकर मारली तर तुटती. तिनं कोंबडी मरती? वैनी, पोराला कुणीतरी फसवालंय."

फोन वीस मिनिटं चालला होता. ते मी नोंदवलं, कारण चहा उकळून आटला होता.

त्यानंतर दर रविवारी आठला फोन. आण्णा साडेसातलाच येऊन बसायचे, खिशात मुद्द्यांचा कागद. शिसं मऊ, नळीला जपतंय. शिसं कुठंबी मिळतंय. शिशावर आमच्या आज्जानं वाघराला पळवलं. तिकडून महांतेश उत्तरं द्यायचा आणि आण्णा त्यांवर "हां, हां, आनि ह्ये तुला कुणी सांगितलं?" करायचे. मध्येच ते पेठ वडगावला जाऊन आले, तिथं कुणीतरी हौसेनं टर्की पाळल्या होत्या. रविवारी अहवाल दिला : "बघितली तुझी टर्की. आंगावर धावून आली. असल्या पाखराला टंगस्टन? पायताण पुरं की!"

"ती पाळलेली, आण्णा!" महांतेश इतक्या मोठ्यानं ओरडला की मला कढईपाशी ऐकू आलं.

मग एक दिवस आण्णा कुंपणापाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "वैनी, तुमच्या कारखान्यात टंगस्टन असतंय म्हनं."

मला संशय आला. सत्तरीचा माणूस, घरात बंदूक, आणि मागतोय धातूचे तुकडे. स्टेनलेसच्या वेल्डिंगला टंगस्टनच्या कांड्या लागतात, त्यांची थोटकं भंगारात जात. "आण्णा, घरी काडतूस भरायचा विचार असेल तर मी पहिली चौकीत जाईन," मी सांगितलं.

"मी काय खुळा हाय? मोजायचं हाय नुसतं. आनि लोखंड देऊ नगासा, मी लोहचुंबक लावून बघणार."

मी साहेबांची परवानगी काढली, थोटकं मोजली, यादी केली, आण्णांची सही घेतली. त्यांनी माझी घेतली.

शनिवारी दुपारी आमच्या ओट्यावर मोजणी झाली. एका काडतुसातले छर्रे त्यांनी काढून आणले होते. ओळखीच्या सोनाराचा तराजू आणला होता. एका पारड्यात शिसं, दुसऱ्यात टंगस्टन, अगदी समसमान वजन. डॉक्टरांकडून आणलेली मोठी सिरिंज, तिचं टोक मेणानं बंद, आत पाणी. आधी शिसं सोडलं, पाणी जवळजवळ तीन रेघा चढलं. शिसं काढून, पाणी पुन्हा पहिल्या रेघेवर आणून, टंगस्टन सोडलं. दीड रेघेच्या जरा वर जाऊन थांबलं.

आण्णांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. पाणी बदललं. तराजूची पारडी अदलाबदल करून बघितली. चुंबक लावला. तिसऱ्यांदाही तेच.

"म्हणजे तेवढ्याच वजनाला जागा निम्म्याच्या आसपास," मी म्हटलं. "महांतेशचं खरं निघालं. लागला निकाल."

आण्णांनी थोटकं एकेक करून फडक्यावर ठेवली. "खरं हाय त्येचं," ते म्हणाले. मला वाटलं होतं, हरल्यावर चिडतील. ते चिडले नाहीत.

"मग उद्या सांगून टाका त्याला. खूश होईल."

"व्हईल की." ते फडक्याची गाठ मारत होते, ती नीट बसत नव्हती. "आनि फुडल्या ऐतवारी?"

"पुढच्या ऐतवारी काय?"

"बोलायचं काय, वैनी? पाऊस एका वाक्यात सपतोय."

ते थोटकांचं गाठोडं ओट्यावर ठेवून निघून गेले. चहासुद्धा घेतला नाही.

रविवारी साडेसात झाले, आण्णा आले नाहीत. पावणेआठ झाले. खिडकीतून बघितलं, तर ते अंगणात उभे होते, धुतलेला सदरा, टोपी, सगळं घालून, आणि फाटकाकडे पाठ करून जास्वंदीची पानं तपासत होते.

आठला फोन वाजला. मी उचलला.

"काकू, आण्णा कुठंयत? काल मोजणार होते ना?" महांतेशचा आवाज घाईचा. "काय निघालं? मागच्या रविवारी म्हणाले, सोक्षमोक्ष लावतो. खरं सांगा, तुम्ही होता ना तिथं?"

"होते," मी म्हटलं.

"मग?"

ओट्यावरचं गाठोडं मला बसल्या जागेवरून दिसत होतं.

"शिसं," मी म्हटलं. "शिसंच जड भरलं."

महांतेश जोरात ओरडला, "शक्यच नाही! काकू, मोजण्यातच काहीतरी घोळ आहे. त्यांना बोलवा, मी फोन धरतो, बोलवा त्यांना!"

मी रिसीव्हर बाजूला ठेवला आणि खिडकी उघडून हाक मारली, "आण्णा, लवकर या, पोरगं भांडायला बसलंय."