झाकणावरची रोटी

"येताना मटका आणजा," एवढंच माझी बायको दीपमाला म्हणाली होती. यात निवड करण्यासारखं काही नव्हतं. पवनीच्या बाजारात कुंभाराकडे जायचं, रोटीचा मटका मागायचा आणि पिशवीत घालून घरी यायचं. पण मी तेवीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळतो आहे. सरळ आलेलं काम सरळ पुढे गेलं की मला रात्री झोप लागत नाही.

ज्यांनी आमच्याकडची लांब रोटी खाल्लेली नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो (आणि त्यांच्याबद्दल मनापासून वाईट वाटतं हेही सांगतो). कणीक इतकी सैल भिजवायची की ती परातीत बसत नाही, लोळते. तिचा गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या, तापलेल्या मटक्यावर अलगद टाकायचा. रोटी अशी पातळ हवी की तिच्यातून पलीकडचा माणूस ओळखू आला पाहिजे. दीपमालाच्या रोटीतून पलीकडच्या माणसाचा मूडसुद्धा कळतो. आमचा मटका दहा वर्षं जुना होता, काळाकुळकुळीत, आणि त्याच्या काठाला नुकतीच एक चीर गेली होती.

रविवारी आनंदाबाई जेवायला येणार होत्या. आनंदाबाई म्हणजे आमच्या मुलीची, तृप्तीची सासू. मे महिन्यात तृप्तीचं लग्न आसगावच्या धम्मदीपशी झालं. जावई चांगला आहे, घर चांगलं आहे, सासूही वाईट नाही. फक्त तृप्तीला लांब रोटी जमत नाही. हातावर घेतली की फाटते. आणि फाटली की आनंदाबाई म्हणतात, "मायनं काय शिकवलं व तुले?" आठवड्यातून तीनदा म्हणतात. तृप्ती फोनवर हसत हसत सांगायची, पण शेवटी शेवटी तिचा आवाज ओला व्हायला लागला होता. एके दिवशी दीपमालाने स्वतःच आसगावला फोन लावला आणि विहीणबाईंना रविवारचं आमंत्रण दिलं. मायनं काय शिकवलं, ते माय करून दाखवणार होती. इतकी गंभीर बाब होती, आणि तिच्यातलं मटक्याचं खातं माझ्याकडे आलं होतं.

शनिवारी मी मीटिंगसाठी भंडाऱ्याला गेलो. मीटिंग लवकर आटोपली (साहेबच आले नाहीत), म्हणून बाजारात फिरलो. एका भांड्यांच्या दुकानात ती वस्तू उभी होती. तीन पाय, दोन चाकं, खाली मोठी लोखंडी कढई आणि वर तिला झाकणारं गोल, काळं, चकचकीत झाकण.

"बार्बेक्यू हाय साहेब," दुकानदार म्हणाला. "अंगणात ठेवा, कोळसा टाका, चिकन भाजा. मोठ्या शहरात घरोघरी असते हे."

चिकनकडे माझं लक्षच नव्हतं. मी झाकणाकडे पाहत होतो. तोच गोलवा, तोच काळा रंग, तेवढाच घेर. पालथा मटकाच तो, फक्त लोखंडाचा. मी मटका वाजवून घेतात तसं बोटाच्या पेराने त्याला ठोकलं. टण्ण असा आवाज आला.

"हे फुटते का?" मी विचारलं.

"ट्रक गेला तरी नाही फुटत."

"चीर?"

"लोखंडाले कायची चीर जी?"

कुंभाराचा मटका दहा वर्षांत चिरतो आणि हा जन्मभर टिकणार. शिवाय झाकणाला उष्णता मोजायचं काट्याचं घड्याळ होतं. दीपमाला गेली तीस वर्षं मटका तापला की नाही हे पाण्याचे थेंब शिंपडून बघते. मला तिची दया आली. किंमत इथे लिहीत नाही, कारण ती दीपमालालाही अजून सांगितलेली नाही.

इथपर्यंत एकच चूक होती. दुसरी मी घरी आल्यावर केली. जुना मटका घरात राहिला तर दीपमाला नव्याला हात लावणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. ती घरात नाही असं पाहून मी तो मटका शेजारच्या डोमाला देऊन टाकला. डोमाची वाडी आमच्या घरामागे आहे, त्यात वांगी लावलेली. वाडीतल्या बुजगावण्याला डोकं नव्हतं आणि डोमा महिनाभर काळं मडकं शोधत होता. त्याने माझ्यासमोरच चुन्याने मटक्यावर दोन डोळे, दात आणि मिशा काढल्या. मिशा माझ्यासारख्या आल्या, पण तो योगायोग असावा.

रविवारी सकाळी मी बार्बेक्यू अंगणात मांडला आणि दीपमालाला हाक मारली.

"हे काय होय?"

"मटका."

ती त्याच्याभोवती एक चक्कर मारून आली. "याले चाकं काहून हायत?"

"फिरवता येते."

"मटका कायले फिरवाचा?"

मी घाईने पेचकस आणला. झाकणाच्या डोक्यावर मधोमध मूठ होती, ती काढली. घड्याळ रोटीच्या वाटेत येत होतं, तेही काढलं (तापमान काय, पाण्याच्या थेंबांनीही कळतं). आता झाकणाला मुठीची दोन भोकं, घड्याळाचं एक आणि धूर जायला कंपनीने दिलेली चार, एवढीच भोकं उरली होती.

"जुना मटका कुठी हाय?" दीपमालाने विचारलं.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. आनंदाबाई अर्धा तास आधीच आल्या होत्या. मागून धम्मदीप आणि तृप्ती उतरले. जय भीम झालं, पाणी झालं. मी त्यांना आत बसा म्हणालो.

"आत कायले? मी तं रोटी पाहाले आली," आनंदाबाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून थेट बार्बेक्यूसमोर बसल्या. "हे काय काढलं जी?"

"नवीन पद्धत हाय," मी म्हणालो.

दीपमालाने माझ्याकडे एकदाच पाहिलं. पाहुण्यांसमोर नवऱ्याचा अपमान करायचा नाही, असं तिच्या आईने तिला शिकवलं आहे. त्या माउलीचे माझ्यावर फार उपकार आहेत. दीपमालाने पदर खोचला, गोळा घेतला आणि रोटी लांबवली. अशी लांबवली की आनंदाबाई खुर्चीत पुढे सरकल्या. मग तिने ती झाकणावर टाकली.

मटक्याची माती खरबरीत असते, ती रोटीला धरून ठेवते. हे मला तेव्हा कळलं. चकचकीत झाकणावरून रोटी सुळकन घसरली, क्षणभर काठावर लोंबली आणि माझ्या पायावर पडली.

"तापलं नसल," मी एका पायावर उभा राहून म्हणालो.

मी खालून वारा घातला, कोळसे लाल केले. दुसरी रोटी घसरली नाही. ती भोकांतून आत गेली. वर एक जाळीदार फडकं उरलं आणि बाकीची कणीक कोळशावर पडून असा धूर निघाला की डोमा वाडीतून ओरडला, "साहेब, काय पेटलं जी?" तिसरी रोटी चिकटली. दीपमालाने ती सराट्याने खरवडून काढली, तेव्हा झाकणाचा काळा रंगही थोडा सोबत निघाला.

तृप्ती मान खाली घालून उभी होती. आनंदाबाईंनी खाकरून घेतलं. तीन रोट्या गेल्या होत्या आणि त्यांच्यासोबत दीपमालाची तीस वर्षांची कमाई माझ्या डोळ्यांदेखत जात होती. मला खरंच रडू यायला लागलं होतं. धुरामुळे ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

दीपमाला हळू आवाजात म्हणाली, "जुना मटका कुठी हाय?"

"डोमाले देला."

"काहून?"

"वांग्याच्या वाडीत उभा हाय."

मी उत्तराची वाट न पाहता धावलो. पण डोमा अडून बसला. "साहेब, देल्लेली वस्तू कोणी वापस मागते का? कालपासून एक वांदर नाही आलं वाडीत."

"डोमा, पोरीच्या सासरचे बसले हायत अंगणात."

"अन् माह्या वांग्याचं काय? बिनमुंडक्याच्या बुजगावण्याले कोण भेते?"

शेवटी मी स्कूटरचं हेल्मेट आणून काठीवर चढवलं आणि मटका काखेत मारून परत आलो. दीपमालाने तोवर तीन दगडांची चूल मांडून जाळ केला होता. मी घाईघाईने ओल्या फडक्याने चुना पुसायला लागलो. पण ओला चुना पुसला की पसरतो. डोळे आधी रुपयाएवढे होते, ते वाटीएवढे झाले. आता मटका कमालीचा दचकलेला दिसत होता.

"राहू द्या," दीपमाला म्हणाली. "जेवढं केलं तेवढं पुरे झालं."

आणि मग तिने रोटी टाकली. काय सांगू, अशी रोटी मी तिच्या हातूनही कधी पाहिली नव्हती. रागाने तिचे हात अधिकच चालत होते. कोपरापासून बोटांपर्यंत कणीक पदरासारखी लहरायची, मटक्यावर पडायची आणि बसायची. आनंदाबाई खुर्ची सोडून चुलीजवळ पाटावर येऊन बसल्या.

पहिली रोटी दीपमालाने चौघडी करून त्यांच्या ताटात ठेवली, शेजारी मटणाचा रस्सा. पण आनंदाबाई जुन्या बाई. त्यांनी रोटी उलगडली, दोन्ही हातांनी धरली आणि पातळ किती झाली ते पाहायला उन्हासमोर उंच केली.

रोटीतून, चुन्याने उमटलेले दोन मोठे पांढरे डोळे आणि मिशा त्यांच्याकडे पाहत होत्या.

"मायबाई," आनंदाबाई म्हणाल्या. "हा कोण होय?"

धम्मदीपने तोंडावर रुमाल धरला. मी "उन्हामुळं तसं दिसते" असं काहीतरी सुरू केलं. पण तृप्तीला धीर निघाला नाही. तिने बार्बेक्यू, डोमा, बुजगावणं, हेल्मेट, सगळं एका दमात सांगून टाकलं आणि सांगता सांगता आधी हसायला आणि मग रडायला लागली. "आईनं काही चुकवलं नाही जी," ती म्हणाली. "आईले सगळं येते."

आनंदाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग रोटीचा तुकडा तोडला, नेमका डोळ्याचा, आणि रश्शात बुडवून खाल्ला.

"चुना लागला असल, ईहीनबाई," दीपमाला कसनुशी होऊन म्हणाली.

"चुना तं मी तंबाखूसंगं रोजच खातो व. तू टाक दुसरी."

त्या दिवशी त्यांनी पाच रोट्या खाल्ल्या. दरवेळी उन्हासमोर धरून आधी चेहरा पाहायच्या आणि मग माझ्याकडे पाहायच्या. निघताना त्यांनी दीपमालाचे हात हातात घेतले. "तुह्या हाताले तोड नाही, बाई. मी उगाच बोलत होती." दीपमालाचे डोळे भरून आले. मीही पुढे सरसावून नमस्कार केला, पण आनंदाबाईंनी मला नुसतं वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि गाडीत बसल्या.

आठ दिवसांनी तृप्तीचा फोन आला. आवाज अगदी मोकळा होता. दीपमालाने फोन स्पीकरवर टाकला.

"सासूबाई आता एका शब्दानं बोलत नाही, आई. बाबाले माझ्यातर्फे थँक यू सांग."

माझी छाती फुगली. "मले कायचं थँक यू?" मी लांबूनच विचारलं.

"काल माझी रोटी पुन्हा फाटली ना, बाबा. तं त्या माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणते, 'राहू दे माय, तुहा काही दोष नाही. बापावर गेली तू.'"