पूर्वेच्या लहान दरवाजाची आणि हौसा डोंबारणीची हकीकत

॥ श्री ॥ वेशीच्या आत निजणारा आणि बाहेर निजणारा, या उभयतांस राखणाऱ्या देवास दंडवत घालून लिहितो. शके सतराशे सोळा, आनंदनाम संवत्सरे, माघमासी राज्यात ऐसे वर्तमान जाहले की, शहरात चोरांचे भय माजले, ऐसी थोरामोठ्यांनी ओरड केली, आणि कोतवाल उदाजीराव यांणी अर्ज केला की, हे सारे वेशीबाहेरच्या पालवस्तीतील पोरांचे काम, सबब पूर्वेचा लहान दरवाजा चिणून टाकावा. मग राज्याचे धनी बोलिले, "त्या पोरांस पुसिले काय?" तेव्हा दरबारात कोणी कोणाकडे पाहीना. पालवस्ती वसल्यापासून साठ वर्षांत ही गोष्ट कोणास सुचली नव्हती. आम्हां दरबारच्या कारकुनासही नाही, खोटे का लिहावे!

मग पोरांस मसलतीस बोलवावे ऐसा हुकूम जाहला, आणि शहाण्यांनी आमंत्रण कोणाहाती धाडिले? कोतवालीच्याच शिपायांहाती! शिपाई दिसताच अवघी वस्ती पळून टेकडीवर गेली, आणि दरबारी पाट रिकामे, जिलबी थंड. मग आम्हीच धापा टाकीत टेकडी चढलो आणि हात जोडून म्हटले, "अरे, धरायला नाही, विचारायला आलो!" तेव्हा हौसा नामे सतरा वर्षांची डोंबाऱ्याची पोर पुढे जाहली. ती त्याच दरवाजाने कागदखान्यात कागद करण्याचे काम शिकावयास जात असे. तो चिणला तर मोठ्या वेशीतून तीस कोण सोडतो? पुन्हा दोरावर चालणेच कपाळी. ती म्हणाली, "जिलबी ऱ्हाऊ द्या. ऐकून घेणार असाल तर येते." आणि वीस पोरे घेऊन आली.

आम्ही चौकात रांगोळीने शहराचा नकाशा काढिला होता, आणि जेथे भय वाटते तेथे तांबड्या गुंजा ठेवाव्या ऐसी रीत घातली होती. थोरांनी आपल्या साऱ्या गुंजा पालवस्तीवर ओतल्या. मग हौसेने नकाशा न्याहाळिला आणि आपली मूठ कोतवालसाहेबांच्या जोड्यापाशी रिकामी केली. साहेब डावीकडे सरले, तो दुसऱ्या पोराने डावीकडे ठेविल्या. साहेब मागे जाहले, आणि गुंजाही मागे गेल्या. दरबार खो खो हसू लागला. साहेब गरजले, "हा काय चावटपणा?" हौसा म्हणाली, "चावटपणा न्हाई, साहेब. तुमची माणसं रोज अडवत्यात, झोळी उपडी करत्यात. 'ए डोंबारणी' म्हणत्यात, नाव कुणी पुसत न्हाई. चोराचं भ्या आम्हांलाबी हाय, पण सांगायचं कुणाला?" तेव्हा धनी हसता हसता थांबले.

मग दरवाजा राखावा ऐसा हुकूम जाहला, आणि पोरांनी वखारीमागचा बोळ दाखविला, तेथे पंधरा दिवसांत पाच चोर सापडले. ते थोरांच्याच घरचे निघाले, सबब नावे लिहीत नाही, नोकरी करणे आहे. आणि कोतवालांनी आठ दिवस स्वतः लहान दरवाजात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्यास नाव पुसावे, ऐसे ठरले. पहिल्या सकाळी हौसा आली. साहेब भिंतीकडे पाहात बोलिले, "नाव काय, बाई?"

"हौसा. आन् तुमचं?"

साहेबांस हे जन्मात कोणी पुसिले नव्हते. ते अंमळ गोंधळिले आणि म्हणाले, "उदाजी."

एकूण इतकेच जाहले. भय समूळ गेले ऐसे लिहवत नाही. परंतु दुसरे दिवशी दरवाजात "जा, हौसा" ऐसे साहेबांचे शब्द कानी पडले, ते पडल्याप्रमाणे लिहून ठेविले.