पाहुण्यांसाठी शुद्ध केलेला आड

पाण्यातलं मला कळतं! देवळ्यात हे मी सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं, कारण शाळेतर्फे मी नाशिकला जाऊन एक दिवसाचं आरोग्य शिबिर करून आलो होतो. एक दिवस म्हणजे काय थोडा झाला? जेवणसुद्धा तिथंच होतं!

त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीला, चांगुणाला, बघायला पाहुणे यायचे ठरले. माणसं नाशिकच्या गंगापूर रोडची, मुलगा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला. आधीची सगळी स्थळं हातची गेलेली. हेही गेलं तर आई मला घरात घेणार नव्हती! त्यात मध्यस्थानं बजावलं, "मुलाच्या आईला बाहेरगावचं पाणी लगेच बाधतं हो."

"बाधू देतो होय!" म्हणत मी ब्लीचिंग पावडरची पिशवी घेतली आणि गल्लीच्या आडावर गेलो.

"अहो, एवढी?" बायको ओरडली. "थोडीशीच टाकायची म्हणाला होतात ना?"

"ती घरच्या माणसांसाठी! पाहुण्यांच्या वेळी हात आखडता घ्यायची आपल्यात पद्धत नाही!" आणि अख्खी पिशवी आडात रिकामी केली.

पाहुणे आले. चांगुणानं पाणी आणलं. मुलाच्या आईनं, सुमनबाईंनी, पेला नाकाशी नेला आणि तशाच थांबल्या.

"गावात पटकीची साथ आहे का हो?"

"छे छे! साथ कसली?"

"मग एवढं औषध कशाला टाकलंय?"

"खास तुमच्यासाठी!"

सुमनबाईंनी पेला दूर सरकवला. तेवढ्यात शेजारची गोजराबाई बोंबलत दारात.

"मास्तर, आडाला दवाखान्यावानी वास मारतोय! लय मोठी साथ हाय म्हना की!" मग तिची नजर पाहुण्यांवर गेली आणि तिनं तोंडाला पदर लावला. "अगं बाई! मान्सं बी जमली! कोन गेलं वो?"

"कोणी गेलं नाही! मुलगी बघायला आलेत!"

"लपवू नका! म्या दवाखान्यात सांगूनच आले!"

आणि खरंच, मागोमाग कंपाउंडर सुया घेऊन हजर! "लस टोचल्याशिवाय या घरातून कुणी हलायचं नाही!"

सुई दिसताच नवरा मुलगा, वाल्मीक, ताडकन उठला आणि थेट परसातल्या कांदे साठवायच्या चाळीत शिरला. एवढ्या मोठ्या वीज केंद्रात काम करणारा गडी! आम्ही सगळ्यांनी हाका मारल्या, पण तो काही बाहेर येईना. माझ्या तर काळजाचं पाणी पाणी झालं. गेलं, हेही स्थळ गेलं!

चांगुणानं पदर खोचला, चाळीत शिरली आणि मनगट धरून त्याला बाहेर काढलं. आधी स्वतः टोचून घेतलं. "बघा, काही होत नाही. मिटा डोळे." त्यानं मुकाट्यानं मिटले.

सुमनबाई आपला दंड चोळत हसायला लागल्या. "याला सुई द्यायची तर आजवर चौघं धरायला लागायची! पोरगी पसंत आहे बरं का आम्हाला!"

मला तर आभाळ ठेंगणं झालं! "बोला, लग्नात तुमचं मागणं काय? मनात काही ठेवू नका!"

"मागणं काही नाही हो," त्या जरा संकोचून म्हणाल्या. "मांडव तुमचा, जेवण तुमचं. पाणी तेवढं आम्ही नाशिकहून टँकरनं आणतो."

लग्नाच्या दिवशी खरंच आणलाही! आणि टँकर दारात लागताच सगळ्यांत आधी हंडा घेऊन कोण धावलं असेल? माझीच बायको!