‘मसणवाट’चं मऊ गाणं

विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत एक ड्रमसेट, एक गिटार, एक स्पीकर आणि दोन वादक होते. बाहेर चौदा शेळ्या, तिन्ही बाजूंनी ऊस. ऐकणारे शून्य.

२००४ साल. मांडवगण फराट्याच्या शिवारात ‘मसणवाट’ हा मेटल बँड पाच महिने असाच वाजत होता. ड्रमवर शाहनवाज, गिटार आणि गुरगुरणं दत्ताकडं. जागेला भाडं नव्हतं. मालक हौसराव आबांची एकच अट होती.

“उसात बिबट्या हाय. तुमचं बोंबलणं ऐकून मढं उठून पळंल, तर त्यो का न्हाई पळायचा? रोज सांजंला वाजवा. एक शेळी गेली की तुम्हीबी गेलात!”

एकही शेळी गेली नाही. बँडला मिळालेली ही एकमेव दाद, म्हणून शाहनवाज ती जपून होता. महाशिवरात्रीला आबांनी खूश होऊन खोलीमागं, खिडकीखाली, सिमेंटचा कोबा घातला. कोबा ओला होता त्याच सांजेला दोघांनी आजवरचा सगळ्यात मोठा धुमाकूळ घातला. सकाळी आबांनी डोळे चोळतच कोब्यावर उसाचं पाचट पसरलं आणि पाणी मारलं. पाचट मग तिथंच राहिलं.

मे महिन्यात दत्तानं राहू गावातल्या एका हळदीची सुपारी घेतली.

“नाव बदलायचं. ‘रोशनी ऑर्केस्ट्रा’.”

“मसणवाट काय वाईट हाय?”

“हळदीत मसणवाट? नवरी मांडवातनंच पळंल की! गुरगुरणं बंद. वढणी, चांदणं, असलं कायतरी म्हणायचं.”

“आन् बिबट्या?”

“त्याला काय कळतंय रं मेटल आन् पॉप?”

शाहनवाजनं नाइलाजानं काठ्यांना फडकं गुंडाळलं. दत्ता ओढणीवरचं गाणं हळू आवाजात गाऊ लागला. पाच महिन्यांत पहिल्यांदाच वाजवता वाजवता बाहेरचं ऐकू येत होतं. रातकिडे. शेळ्यांचं रवंथ.

दुसऱ्या कडव्याला रातकिडे थांबले. मग रवंथ थांबलं. वारा नव्हता, तरी खोलीमागचं पाचट चुरचुरलं. आणि खिडकीखाली कुणीतरी श्वास घेऊ लागलं. संथ, शाहनवाजच्या ठेक्यावर.

दत्तानं गाणं मधेच तोडलं. बाहेरून गुरगुर आली. खोल, ओली, दत्ताला कधीच न जमलेली.

“दत्त्या, तूबी गुरगुर! पळव त्याला!”

दत्तानं तोंड उघडलं. खुडूक कोंबडीसारखा आवाज निघाला.

“न्हाई जमत रं...”

“मग वढणी म्हण! म्हण लवकर!”

दत्तानं ओढणी म्हटली. गुरगुर थांबली, श्वास पुन्हा ठेक्यावर आला. थांबायची सोय नव्हती. दोघं ओढणीचं ध्रुवपद म्हणत राहिले. शाहनवाजही गायला, जो शाळेत राष्ट्रगीतालाही नुसते ओठ हलवायचा. अखेर आबांच्या ट्रॅक्टरचा उजेड बांधावर पडला. पाचट चुरचुरलं, ऊस दुभंगला आणि मिटला.

ऐकून आबांनी कपाळाला हात लावला. “शेळ्या?”

“चौदा हायत, आबा.”

“वाचलात! हळदीला काय गायचं ते राहूत जाऊन गा. हितं पयल्यासारखंच बोंबलायचं, न्हायतर खोली सोडा.”

“ऐकलंस?” शाहनवाज फडकी सोडत म्हणाला. “मेटलला भितोय त्यो. पॉपला सोकावला.”

“पुरावा हाय का?”

पुरावा मोजायला सकाळी शाहनवाज मापाची टेप घेऊन खोलीमागं गेला. पाचटावर ठसे उठले नव्हते, म्हणून त्यानं पाचट बाजूला सारलं.

खाली कोबा होता, पक्का वाळलेला. त्यात, तो ओला असतानाच, चार पंजे रुतले होते. पुढचे दोन भिंतीला लागून. मागच्या दोहोंच्या मधे बसल्याचा गोल खळगा. पंजाची रुंदी आठ सेंटिमीटर. भिंतीची जाडी नऊ इंच. पुढच्या पंजांपासून ड्रमच्या स्टुलापर्यंतचं अंतर तीन फूट चार इंच.