फक्त पहिला भाग

कमळमावशींनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही, गावही विचारलं नाही. माझ्या हातातली पत्र्याची पेटी खाली ठेवायला लावली, हातात कळशी दिली आणि म्हणाल्या, "पळ!"

मी पळाले. जव्हारच्या त्या आळीत नळाला थोडाच वेळ पाणी येतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आम्ही दोघींनी धावत खेपा घातल्या. पिंप भरल्यावर त्यांनी पदराला हात पुसले. "आता सांग. नाव काय तुझं?"

मी वांगणीकडच्या पाड्यावरची. आमच्या घरातून कॉलेजला जाणारी पहिलीच. मला वाटलं, जव्हारला भाडेकरू असेच ठेवत असतील.

खरं कारण आठवड्याने कळलं. मावशींना टीव्हीवरच्या एका मालिकेचं वेड होतं. माणसं परदेशातली, बोलायची मात्र हिंदीत. पांढऱ्या केसांचा एक शास्त्रज्ञ जुनाट यानातून ग्रहाग्रहांवर हिंडतो आणि प्रत्येक सीझनला त्याला एक नवी सोबतीण मिळते. मावशी त्याला नुसतं 'म्हातारा' म्हणायच्या, शेजारी राहत असल्यासारखं.

"नवीन पोरगी कशी आणतात ते बघ," त्या समजावायच्या. "आधी ती आपली कामात असते. कपबशा धुते, नायतर दुकानात उभी असते. मग काहीतरी मागं लागतं. म्हातारा समजवत बसत नाय. पळ म्हणतो. जी पळाली ती आपली. नाव मागनं."

"आणि नाही पळाली तर?"

"मग ती सोबतीण नाय, गिऱ्हाईक."

पळून झाल्यावर यान दाखवायचं आणि ते बघून ती पहिल्यांदा काय म्हणते ते ऐकायचं, हा पुढचा नियम. मावशींनी माझ्या खोलीचं दार उघडलं, बाजूला सरकल्या आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. आत एक खाट, एक खुंटी. मी वर बघितलं. शेवटी म्हणाले, "पंखा आहे."

मावशी एकदम खूश. "आधीची पोरगी खिडकी म्हणाली होती. तिच्या आधीची नुसतीच रडली."

मी तिसऱ्या दिवशी रडले. वर्गात सगळे बोलायचे ते मराठी पुस्तकातलं वाटायचं. मी तोंड उघडलं की मागच्या बाकावर हसू यायचं. मी पेटी भरून दारात आले. मावशी नागलीची भाकरी थापत होत्या. मागे न बघताच म्हणाल्या, "पहिल्या भागात घाबरायचंच असतं. दार उघडं आहे. जायचं तर जा. पण भाकरी गरम आहे."

भाकरी खाल्ली आणि तीन वर्षं राहिले.

त्या तीन वर्षांत मी मालिकेचे फक्त पहिले भाग पाहिले. मावशींच्या पेनड्राइव्हवर तेवढेच होते. मोबाईलच्या दुकानात त्यांनी बाकीचे काढून टाकायला लावले होते. दुकानदाराला वाटलं, बाईंना कळत नाही. मलाही तसंच वाटलं. म्हणून निकाल लागल्यावर, काहीतरी द्यावं म्हणून, मी मैत्रिणीकडून एका सीझनचा शेवटचा भाग आणला आणि मावशींसमोर लावला.

सोबतीण आपलं सामान उचलते, तेवढ्यात मावशी उठल्या. "दूध वर आलं," म्हणाल्या.

चूल विझलेली होती.

मी एकटीने शेवट पाहिला. सोबतीण मागे वळून बघते. म्हातारा हात करत नाही. दार लावून घेतो आणि दाराकडे तोंड करून उभा राहतो. मी टीव्ही बंद केला.

मावशींनी डाळ निवडायला घेतली होती. एक खडा बाजूला टाकत म्हणाल्या, "आश्रमशाळेत जन्मभर स्वयंपाक केला मी. जूनला पोरी यायच्या, रडायच्या. मी गरम भाकरी द्यायचे. परीक्षा झाल्या की बाप न्यायला यायचे, तेव्हा मी कोठीत डाळ निवडत बसायचे. एक पोरगी जाताना बघितली नाय मी."

मला नाशिकला बी.एड.ला प्रवेश मिळाला. माझ्याआधी खोलीत राहिलेल्या मुली स्टँडवर एकट्याच गेल्या होत्या. त्या त्या दिवशी मावशींना नेमकं बाजारात काम निघायचं. त्यांनी माझ्याबरोबर यावं असं मला फार वाटत होतं, पण सांगायचा धीर झाला नाही. निघायच्या दिवशी सकाळीच त्यांनी पिशवी घेतली. "वांगी आणते," म्हणाल्या आणि गेल्या. मी किल्ली शेजारी दिली.

मोखाड्यावरून जाणारी नाशिक गाडी लागली होती. खिडकीजवळ जागा मिळाली. कंडक्टर चढला आणि खिडकीचा गज कुणीतरी धरला. मावशी. धाप लागलेली, केस सुटलेले, पिशवी रिकामी.

"पळत आले," एवढंच बोलल्या.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. गाडी सुरू झाली.

"ए पोरी, शेवटी म्हातारा हात करतो का तिला?"

"करतो," मी म्हणाले.

"बराच वेळ?"

"गाडी दिसेनाशी होईपर्यंत."

म्हाताऱ्याकडे कुठली गाडी, हे मावशींनी विचारलं नाही. त्यांनी गज सोडला आणि पिशवी डाव्या हातात घेतली. गाडी स्टँडबाहेर वळेपर्यंत त्यांचा उजवा हात वरच होता.