मूळ आईची ना-हरकत

पाळणाघराच्या नियमावलीतलं कलम नऊ सांगतं की, संध्याकाळी मूल फक्त त्याच व्यक्तीच्या ताब्यात दिलं जाईल, जिचा चेहरा ओळखपत्रावरच्या फोटोशी जुळतो. सकाळी मूल आणून सोडायला मात्र कसलीच ओळख लागत नाही. कोणीही यावं, कोणाचंही मूल सोडून जावं. संस्थेचा माणसाच्या चांगुलपणावर सकाळी नऊपर्यंत पूर्ण विश्वास असतो.

भिंगरीच्या आईला हे कलम फार आवडलं होतं. प्रवेश घेताना तिने ते दोनदा वाचलं आणि नवऱ्याला म्हणाली, "बघ, किती काळजी घेतात." ओळखपत्रासाठी फोटोही हौसेने काढला. फोटोत तिचे गाल चौकटीच्या दोन्ही कडांना टेकले होते आणि हनुवटी कुठे संपते याबद्दल दुमत होऊ शकलं असतं.

त्यानंतर वर्षभरातली गोष्ट. पाळणाघराच्या फाटकातून भिंगरी हात सोडवून रस्त्याकडे पळाली. आई मागे धावली आणि सहाव्या पावलाला तिचा श्वास संपला. पोरीला शेवटी फळवाल्याने पकडलं, गाडी तशीच सोडून. "ताई, पोरगी वाऱ्यासारखी आहे हो," तो म्हणाला. भला माणूस होता, म्हणून वाक्याचा उरलेला अर्धा भाग त्याने गिळला. तिने मात्र तो घरी नेला, आणि पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतली.

तपासण्या झाल्या, ऑपरेशन झालं. पोट आता एका छोट्या वाटीएवढं उरलं. दोन आठवडे नुसतं पाणी आणि गाळलेलं सूप, मग कालवलेलं, मग मऊ, मग माणसांचं. प्रत्येक घास पंचवीस वेळा चावायचा. जेवताना पाणी नाही, जेवणाआधी नाही, नंतर अर्धा तास नाही. उरलेल्या वेळात घोट घोट. चष्म्याच्या दुकानात ती नोकरीला होती. गिऱ्हाइकाला "आता खालची ओळ वाचा" म्हणायची आणि ते अडखळत वाचेपर्यंत एक घोट उरकायची. चौथ्या महिन्यात केस मूठ मूठ कंगव्यात आले. इतरांनी पंखा लावला की ही स्वेटर शोधायची. दंडाची कातडी जुन्या अभ्र्यासारखी सैल पडली. आणि एका दुपारी ती जमिनीवर बसली नि कशाचाही आधार न घेता उठली. घरात कोणी नव्हतं. म्हणून ती पुन्हा बसली आणि पुन्हा उठली.

लोकांना एवढं सगळं नको होतं. लोकांना एकच गोष्ट हवी होती.

"किती कमी झालं गं?"

"बरंच," ती म्हणायची.

"बरंच म्हणजे किती?"

ऑपरेशननंतर सहा आठवडे जड उचलायची बंदी होती. भिंगरी तर जडच नव्हे, हलतीही होती. तेव्हा संध्याकाळी तिला आणायचं काम बाबाने घेतलं, आणि घेतलं ते दहा महिने त्याच्याकडेच राहिलं. मग त्याच्या कार्यालयाने त्याला महिनाभराच्या प्रशिक्षणाला परगावी धाडलं. विषय होता, घरगुती जबाबदाऱ्या आणि काम यांचा समतोल.

सोमवारी संध्याकाळी भिंगरीची आई फाटकावर उभी राहिली. पहारेकरी मामांनी तिला लांबूनच ओळखलं.

"या ताई. केवढ्या वाळलात. किती कमी झालं?"

"बरंच, मामा. भिंगरीला बोलावता?"

मामांनी ओळखपत्र हातात घेतलं. फोटोकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, परत फोटोकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"ताई, मी ओळखलं तुम्हाला. पण माझं ओळखणं इथे धरत नाहीत. मॅडमना बोलावतो."

पर्यवेक्षिका मॅडम आल्या. त्यांनी चष्मा खाली करून पाहिलं, वर करून पाहिलं. हा चष्मा भिंगरीच्या आईनेच दुकानात बसवून दिलेला होता आणि तिला दिसत होतं की नंबर बदलायला झालाय. पण ही वेळ नव्हती.

"हा फोटो तुमचा नाही," मॅडम म्हणाल्या.

"माझाच आहे. ऑपरेशनच्या आधीचा."

"हो का? किती कमी झालं?" मॅडमनी मैत्रीण म्हणून विचारलं, आणि उत्तर मिळालं नाही तेव्हा पुन्हा पर्यवेक्षिका झाल्या. "मग 'पालक-स्वरूप बदल' अर्ज भरा. दोन साक्षीदार, वैद्यकीय दाखला आणि मूळ पालकाचं ना-हरकत पत्र."

"मूळ पालक मीच आहे."

"मग त्यांना यायला अडचण काय आहे?"

एवढ्यात खिडकीच्या गजांतून भिंगरी ओरडली, "आई, माझा बूट हरवला."

"ऐकलंत? ती मला आई म्हणतेय."

"मुलाचा जबाब ग्राह्य नसतो," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "मागच्या आठवड्यात तिने कुंडीतल्या रोपाला आजोबा म्हटलं. आम्ही काय रोपाबरोबर पाठवली का?"

पाकिटातली बाकीची कार्डं काढून उपयोग नव्हता. सगळ्यांवर तेच जुने गाल होते. ओळखपत्रावर नवऱ्याखेरीज आणखी एक नाव आणि फोटो होता, सासूबाईंचा. त्यांना फोन गेला. त्या गुडघे सांभाळत रिक्षाने आल्या, नातीला ताब्यात घेतलं आणि फाटकाबाहेर तीन पावलांवर तिच्या आईच्या हाती दिलं. कलम नऊचं पालन झालं.

पण सासूबाई शनिवारी सकाळच्या गाडीने लेकीच्या बाळंतपणाला निघणार होत्या, आणि बाळंतपण काही पुढे ढकलता येण्यासारखं नव्हतं. हिची रजा तर ऑपरेशनातच संपलेली. म्हणजे शुक्रवारपर्यंत पाळणाघराने हिला आई मानलं नाही, तर सोमवारी संध्याकाळी सातला पाळणाघर बंद झालं की भिंगरीची नोंद 'हरवले-सापडले' वहीत होणार. मॅडमनी वही दाखवली. शेवटच्या दोन नोंदी होत्या: पाण्याची बाटली, निळी, झाकण नाही, आणि बूट, डावा.

"बूट आमचाच आहे," भिंगरीची आई म्हणाली.

"ओळखपत्र?" मॅडम म्हणाल्या.

मंगळवारी तिने वैद्यकीय दाखला नेला. मॅडमनी तो ओठ हलवत वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"पोटाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढला, असं लिहिलंय."

"हो."

"म्हणजे प्रवेशाच्या वेळी नोंदवलेल्या पालक तुम्ही पूर्ण नाही आहात. उरलेला भाग कुठे आहे?"

"कुठे असणार? फेकून दिला असेल दवाखान्याने."

"तसं पत्र आणा त्यांच्याकडून," मॅडम म्हणाल्या. पण दाखला त्यांनी ठेवून घेतला, 'अंशतः प्राप्त' असा शिक्का मारून.

बुधवारी साक्षीदार आले. एक सासूबाई, दुसऱ्या शेजारच्या काकू. दोघीही हिच्या बाजूच्या. काकू तर खास इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. मॅडमनी अर्ज पुढे ओढला.

"बदल झाल्यानंतर तुम्ही यांना पाहताक्षणी ओळखलंत का?"

"अहो, कसलं ओळखतेय," काकू खुलून म्हणाल्या. "जिन्यात समोर आली तरी ओळखलंच नाही मी. मी म्हटलं, वर कोणी नवीन भाडेकरू आले वाटतं."

मॅडम लिहू लागल्या. भिंगरीच्या आईने काकूंच्या पायावर पाय दिला.

"काकू, नीट सांगा ना."

"नीटच सांगतेय की गं. कौतुकच करतेय तुझं."

"अर्जात कौतुकाला रकाना नाही," मॅडम म्हणाल्या. "आजी, तुम्ही?"

सासूबाई आयुष्यात खोटं बोलल्या नव्हत्या, निदान सुनेच्या बाजूने तरी नाही. पण आज त्यांना मनापासून तिच्या बाजूने बोलायचं होतं. त्यामुळे त्या गोंधळल्या.

"मी पाठमोरी पाहिली एकदा. मला वाटलं, कोण ही मुलगी आमच्या स्वयंपाकघरात. पण तोंड फिरवलंन तेव्हा ओळखली हो. बोलली ना उलट, तेव्हा तर लगेच."

मॅडमनी निष्कर्ष लिहिला: 'दोन्ही साक्षीदारांनी अर्जदारास प्रथमदर्शनी ओळखले नसल्याचे आनंदाने मान्य केले.'

परतताना काकूंनी विचारलं, "पण आता तरी सांग. नक्की किती कमी झालं?"

गुरुवारी जे झालं, ते खरं तर सगळं मिटवायला पुरेसं होतं. सासूबाई रिक्षातून उतरत होत्या, मामा फाटक उघडत होते, आणि त्या फटीतून भिंगरी सुटली. थेट रस्त्याकडे. समोरून दुधाची गाडी येत होती.

तिची आई धावली. सहावं पाऊल आलं आणि गेलं. दहावं आलं. पदपथाच्या कडेला तिने पोरीला कमरेत हात घालून वर उचललं आणि छातीशी धरलं. तिला धाप लागली होती, पण ती साधी धाप होती, सगळ्यांना लागते तशी. फळवाला गाडी सोडून निघाला होता, तो अर्ध्या वाटेवर थांबला. त्याने हातातलं सफरचंद स्वतःच्याच सदऱ्याला पुसलं आणि परत जागेवर ठेवलं.

"आई, तू मला पकडलंस," भिंगरी म्हणाली. तिला हे आवडलं की नाही, हे अजून तिचं ठरत नव्हतं.

मॅडम फाटकात उभ्या राहून सगळं पाहत होत्या. त्यांचेही डोळे पाणावले होते, हे नाकारता येणार नाही. त्यांनी चष्मा पुसला, भिंगरीची फाईल मागवली आणि मागच्या वर्षीचं एक पान उघडलं.

"हे बघा. 'पालकांना धावता येत नाही, मुलीला फाटकाबाहेर हात धरून सोडावे.' आमच्याच शिक्षिकेची नोंद आहे." त्यांनी फाईल मिटली. "आजवर मला थोडी शंका होती, बाई. आता नाही. भिंगरीच्या आई धावत नाहीत."

त्या रात्री, नव्हे, त्या संध्याकाळीच, भिंगरीच्या आईने कपाट उघडलं. सगळ्यात खालच्या कप्प्यात तिचा जुना कोट होता. टाकवत नव्हता म्हणून राहिलेला. आतून दोन उशा बांधल्या, दंडांना टॉवेल गुंडाळले, गालांत कापसाचे बोळे बसवले. आरशात पाहिलं तर समोर जुनी ओळखीची बाई उभी. तिला त्या बाईचा राग येईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. याच बाईने भिंगरीला नऊ महिने पोटात वागवलं होतं, आणि ऑपरेशनच्या कागदावर घाबरत घाबरत सहीही हिनेच केली होती. "एवढं एक काम कर बाई माझं," ती आरशाला म्हणाली. बोळ्यांमुळे शब्द नीट उमटले नाहीत, पण समोरचीला समजले असावेत.

शुक्रवारी संध्याकाळी ती झुलत झुलत फाटकाशी आली. मामांनी तिच्याकडे पाहिलं, खाली सरकलेल्या उशीकडे पाहिलं आणि खाडकन सलाम ठोकला.

"या ताई. बऱ्याच दिवसांनी."

मॅडम तर धावतच आल्या. फोटो पाहिला, चेहरा पाहिला, आणि त्यांच्या मनावरचं ओझं उतरलेलं दिसलं.

"अहो, होतात कुठे? एक बाई रोज तुमच्या नावाने येते. आम्ही मुलगी दिली नाही हं, अजिबात. आणि आलाच आहात तर या ना-हरकतीवर सही करा. तुमच्या सहीवाचून त्या बाईंचा अर्ज अडलाय."

मूळ आईने सही केली: 'सदर बाईंनी माझ्या मुलीची आई होण्यास माझी हरकत नाही.'

भिंगरी आली. कोटाकडे बघत क्षणभर थबकली, मग जवळ येऊन नाक मानेत खुपसलं आणि हुंगलं.

"आई," ती कानात म्हणाली, "तू आत का बसलीयेस? तुला बरं नाहीये का?"

दहा महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं. तिने नुसती मान हलवली आणि पोरीला उशांसकट घट्ट धरलं.

मॅडमनी फाटकापर्यंत सोडलं. निरोप घेताना आवाज खाली आणून आपुलकीने म्हणाल्या, "राग मानू नका, पण तब्येतीकडे जरा बघा हं. त्या दुसऱ्या बाई बघा, कशा छान बारीक झाल्यात."

सोमवारी त्या दुसऱ्या बाईंना नवं ओळखपत्र मिळालं, नव्या फोटोसकट, एका अटीवर. पालकाचं स्वरूप पुन्हा बदलू नये म्हणून फाटकावर वजनकाटा बसवण्यात आला आहे. दर सोमवारी सगळ्या पालकांनी त्यावर उभं राहायचं. नोंदीपेक्षा दोन किलो इकडेतिकडे झाले, तर नवा अर्ज. पालकांनी सुरुवातीला थोडी कुरकुर केली. आता मात्र कोणी उशीर करत नाही, कारण आपल्या पुढच्याचा आकडा दिसतो.

फक्त भिंगरीची आई काट्यावर चढली की मामा आकड्यावर आपला तळहात ठेवतात. मागची सगळी रांग माना उंच करते. मामा हात हलवत नाहीत. भिंगरी बूट नीट घालते, उजवा आणि वहीतून सोडवून आणलेला डावा. मग दोघी फाटकापासून कोपऱ्यापर्यंत शर्यत लावतात.

आणि आपणही, वाचक, पहिल्या पानापासून त्या रांगेत उभे आहात हे आमच्या लक्षात आलं आहे. एवढी गोष्ट झाली, पण नक्की किती कमी झालं ते कुठे आलंच नाही, असं वाटून मघाशी आपण एकदा मागे जाऊन पाहिलंत. आकडा मामांच्या हाताखाली आहे. हवा असल्यास अर्ज करावा. अर्ज फाटकावर मिळतो, आणि त्यात पहिला रकाना आपल्या स्वतःच्या वजनाचा आहे.